वाडीच्या वाटेसाठी गाडी

आमच्या महाडच्या घरी पत्र्याच्या शेडखाली दोन गाड्या असायच्या. एक माझी स्कूटर, दुसरी नवऱ्याची उंच, काटकुळी, डोंगरात चालवायची मोटरसायकल. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. आठवडाभर काचेच्या नळ्या जपून हाताळायच्या आणि रविवारी मित्रांबरोबर शिवथरच्या खोऱ्यात नाहीतर हिरकणीवाडीकडच्या रानवाटांवर जाऊन चिखलाने माखून यायचं, हा त्याचा शिरस्ता. चांगला डांबरी रस्ता सोडून माणूस दगडधोंड्यांत का शिरतो, असं मी विचारायचे. तो नुसता हसायचा. आम्ही कॉलेजातले सोबती. त्यामुळे आमचं 'अहो' फक्त सासूबाईंसमोर.

मी आरोग्यसेविका. माझं उपकेंद्र पोलादपूर तालुक्यात, आणि त्याखालची एक वाडी पार वर, डोंगराच्या माचीवर. कच्च्या रस्त्याने जीप जायची. एका पावसाळ्यात मधला टप्पा दरडीबरोबर खाली गेला आणि जीप बंद झाली. वाडीतली तरणी माणसं मुंबईला, वर उरलेली म्हातारी-कोतारी, काही बाया, लेकरं. मी पायथ्याशी स्कूटर लावायचे, लसीची पेटी खांद्याला अडकवायचे आणि चढायला लागायचे. वर पोचेस्तोवर अर्धा दिवस गेलेला असायचा.

पाऊस सरला तेव्हा वाडीत एक पहिलटकरीण होती. पायांवर सूज, रक्तदाब वर-खाली. तिला दर आठवड्याला बघणं भाग होतं. एकदा जेवताना मी म्हणाले, "तुझी गाडी मला तयार करून दे. वाडीला न्यायची आहे."

त्याचा घास हातातच राहिला. "मी सोडतो ना तुला."

"कारखाना दर आठवड्याला रजा देणार आहे?"

"अगं, ती जड आहे."

"मग हलकी कर."

तो पुन्हा जेवायला लागला. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी घरी आले तर गाडीची सीट शेडमध्ये उलटी पडलेली आणि हा मांडी घालून तिचा फोम सुरीने कापत बसलेला.

"अरे, कापतोस काय?"

"तुझे पाय टेकायला नकोत?"

त्या सीटवर तो कुणाला ओली पँट घालून बसू द्यायचा नाही. मी चहा टाकायला आत गेले.

मग कितीतरी संध्याकाळी त्यातच गेल्या. चिखलात पकड धरणारे बटण टायर आधीपासून होते, ते झिजलेले म्हणून नवे आणले. इंजिनाखाली जाड पत्र्याची प्लेट बसवली, खालून धोंडा लागला तरी इंजिन शाबूत राहावं म्हणून. मागचं चाक फिरवणारं दातेरी चक्र मोठं टाकलं, म्हणजे चढावर गाडी बैलासारखी सावकाश ओढत जाईल, दणके देणार नाही. आरसे पायथ्याशी दुमडून घेता येतील असे लावले. मागे लसीच्या पेटीसाठी फळी, त्यावर सीटमधून निघालेला फोम आणि रबरी पट्टे.

एकदा क्लचच्या दांडीचा बोल्ट त्याने आवळला आणि पुन्हा थोडा सैल केला. मी म्हटलं, "घट्ट कर की. निसटेल."

"निसटत नाही. पण तू पडलीस तर ती जागच्या जागी फिरली पाहिजे. घट्ट असली की मोडते." पान्याने बोल्ट पुन्हा तपासत म्हणाला, "आणि तू पडणार."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. माझ्या पडण्याचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता.

हँडल त्याच्या उंचीला लावलेलं होतं. खडबडीत वाटेवर उभं राहून चालवायचं असतं, म्हणून त्याने मला पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं केलं आणि स्वतः गाडी धरून राहिला. "खांदे ताणतात का? गुडघा कुठे लागतो? मनगट दुखतंय?" मी सांगायचे, तो पान्याने कणभर फिरवायचा, पुन्हा विचारायचा. मुलांच्या शाळा, बाजार, सासूबाईंची औषधं सोडून आम्ही इतकं एकमेकांशी कधी बोललो होतो, मला आठवेना.

सराव सावित्री नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर केला. पहिल्यांदा पडले तेव्हा तो धावत निघाला आणि अर्ध्यावर थांबला. तिथूनच ओरडला, "पाठ लाव सीटला, हँडल धर, पायांनी रेट!" त्याला तसं उभं राहणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मी गाडी उभी केली.

पहिल्या काही फेऱ्या बऱ्या गेल्या. मग एका सकाळी वर गेले, पहिलटकरणीच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून पुन्हा एकदा मोजला. तेवढाच. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणाली.

तिची सासू दारात उभी होती. "काय गो बाय, काय झालं?"

"दाब फार वाढलाय. आत्ताच खाली न्यायला हवं."

"भात कापाय मुंबयहून आलेले बापे हायेत, डोली करून आनतील. पन खाली आंबुलन्स कोन उभी करनार? हितं फोन लागत नाय."

"मी जाते पुढे. तुम्ही निघा."

पोरीला गोळी दिली, डोलीत कुशीवर निजवायला सांगितलं आणि गाडीला किक मारली. तिला त्या वाटेवर गाडीवर बसवण्याचा प्रश्नच नव्हता.

उतार चढापेक्षा वाईट. दरडीच्या जागी लाल माती ओली होती. मागचं चाक सरकलं आणि मी गाडीसकट चरात आडवी झाले. कोपर सोलटलं. क्लचची दांडी वर वळली होती, मोडली नव्हती. ती हाताने सरळ केली, पाठ लावली, रेटली. इकडेतिकडे कुणी नव्हतं. मला रडू येत होतं आणि थांबायला वेळ नव्हता.

खालच्या वळणावर फोनला रेंज आली. डोली पायथ्याशी पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स दार उघडून उभी होती. तिच्या मागोमाग मीही महाडला गेले. पोरगी वाचली. तिला मुलगी झाली, वजनाला कमी, पण आवाज खणखणीत.

घरी आले तर नवऱ्याने आधी माझं कोपर धुतलं. मग बाहेर जाऊन गाडीवर पाणी मारलं. टाकीवर हातभर लांब ओरखडा उमटला होता. त्यावरून त्याने फडका फिरवला. मला विचारलं, "उतारावर कुठला ब्रेक दाबलास?"

ती गाडी मग माझीच झाली. एका रविवारी तो म्हणाला, "मला तुझी वाट दाखव." लसीच्या पेटीची फळी काढली आणि तो माझ्या मागे बसला. इतकी वर्षं रानात गाडी चालवणारा माणूस, पण पहिल्या चढाला त्याने माझा खांदा गच्च धरला. दरडीपाशी तो उतरला, पायी वर आला आणि मी गाडी कशी काढते ते बघत राहिला.

"मी उजवीकडून घेतली असती," तो म्हणाला. "तू डावीकडून का गेलीस?"

"उजवीकडे माती वरून कोरडी दिसते, पण आत ओल आहे. गुरंसुद्धा डावीकडून जातात."

त्याने टाचेने उजवीकडची माती दाबून बघितली. टाच रुतली. तो मान हलवत पुन्हा मागे येऊन बसला आणि म्हणाला, "चल."