तिघांत मिळून एक रिपोर्ट

लॅबमध्ये रक्त फार दिवस ठेवता येत नाही. काम झालं की टाकून द्यायचं. किस्से मात्र टाकवत नाहीत, ते साठतच जातात. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास मी रत्नागिरीतल्या एका दोन खोल्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. लॅब आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंची. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या अप्पांचे आहेत, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

अप्पा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. त्यांची मुलगी सुनंदा अमेरिकेहून कोलेस्ट्रॉलची नवी गोळी पाठवायची, तेव्हा ती आपल्याकडे मिळत नव्हती. इथल्या डॉक्टरांनी अट घातली, की गोळी एखाद्याच्या लिव्हरला बाधते, तेव्हा दर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं. सुनंदाची अट त्याहून कडक. रिपोर्टची झेरॉक्स पोचली तरच पुढची बाटली!

पहिला रिपोर्ट घेताना अप्पांनी लिव्हरच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "किती हवेत?"

"चाळीसच्या आत. तुमचे एकतीस आहेत, उत्तम."

अप्पांचा चेहरा पडला. "एकतीस? आमच्या घराण्यात पस्तिसाच्या खाली कोणी गेलं नाही हो."

*

ह्या तपासणीत ट्यूब अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावी लागते. एकदा नेमकी तेव्हाच लाईट गेली. बाईंनी पाण्याचं पातेलं अप्पांसमोर ठेवलं, एका हातात थर्मामीटर दिला, दुसऱ्या हातात गरम पाण्याचा थर्मास. पारा सदतिसाच्या खाली उतरला की थोडं पाणी ओतायचं. अप्पा अर्धा तास जागचे हलले नाहीत.

बाहेर बाकावर त्यांचे दोन दोस्त बसलेले असायचे. कोर्टातून रिटायर झालेले नाना आणि भातशेती करणारे बापू. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "आज मी माझं लिव्हर शेकत बसलो होतो."

नाना म्हणाले, "करपवलं नाहीत ना?"

*

दर खेपेला नाना मला विचारायचे, "काय, आमचा रिपोर्ट काय म्हणतोय?" मला वाटायचं, काय ही माया!

चार रिपोर्ट झाले. लिव्हर ठणठणीत, पण कोलेस्ट्रॉल तसूभर हललं नाही. डॉक्टर गोळी दुप्पट करायच्या बेतात होते. बाईंना शंका आली. "अप्पा, गोळी रोज घेता ना?"

"रोज कशी घेणार? वार लावलेत. सोम-गुरु मी, मंगळ-शुक्र नाना, बुध-शनि बापू. रविवारी सुट्टी."

बाई खुर्चीत बसल्या. "आणि तपासणी फक्त तुमची?"

"माझं लिव्हर चांगलं, म्हणजे गोळी चांगली. उगाच तिघांना कशाला टोचायचं?"

"पण ह्या दोघांना कोलेस्ट्रॉल आहे हे कोणी सांगितलं?"

बाहेरच्या बाकावरून ऐकणारे नाना दुखावले. "असणारच की. आम्ही काय अप्पांपेक्षा कमी आहोत?"

*

बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनाही उपाशीपोटी बोलावलं. नानांचं कोलेस्ट्रॉल खरोखरच अप्पांपेक्षा जास्त निघालं, ते पुढे आठवडाभर मिरवत होते. पण बापूंचा लिव्हरचा आकडा दोनशेच्या वर. बाईंनी मला तीनदा करायला लावला. तिन्ही वेळा तोच.

"बापू, जेवण जातंय का?"

"पंधरा दिस नाय जात. म्हटला लावणी आटपू दे, मग बघू."

कावीळ होती. आणखी काही दिवस चिखलात उभे राहिले असते तर काय झालं असतं, ह्याचा विचार मला आजही नको वाटतो. बाईंनी त्यांची गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि त्यांना घरी अंथरुणात पाठवलं. त्या शंकेखोर बाईंना माझा नमस्कार.

*

बाईंनी सगळं सुनंदाला कळवलं. तिचं उत्तर अप्पांना आलं, चांगलं चार पानी. अटॅक तुम्हाला आलेला, मी इथून जीव टाकून औषध पाठवते आणि तुम्ही ते वाटत बसता, ते का? आता बाटली बंद होणार म्हणून आम्ही धास्तावलो.

अप्पांनी आमच्याच टेबलावर बसून दोनच ओळी लिहिल्या आणि पाकीट चिकटवायच्या आधी मला वाचून दाखवल्या. "सुनंदा, अटॅक आला त्या दिवशी मला खुर्चीत बसवून पाखाडीच्या पायऱ्यांवरून खाली रिक्षापर्यंत उतरवलं ते नाना आणि बापूने. बापू खालच्या बाजूला होता."

*

ऑक्टोबरमध्ये पार्सल आलं. अप्पांची बाटली, नानांची बाटली, आणि दोघांचेही रिपोर्ट वेगवेगळे पाठवा अशी चिठ्ठी. गोळी बंद असलेल्या बापूंना जाड लोकरीचा स्वेटर. रत्नागिरीत!

दोन दिवसांनी बापू तपासणीला आले ते स्वेटर घालून. कपाळावरून घामाच्या धारा. बाई म्हणाल्या, "बापू, ह्या उकाड्यात? काढा तो आधी."

बापूंनी फक्त डावी बाही कोपरावर सरकवली आणि हात पुढे केला.

"रक्त घ्या काय तां. सवेटर नाय काढायचा. पोरीने पाठवलान."