टक होईपर्यंत

सोनू, फोन जरा कानाजवळ धर, नुसतं हं हं काय करतेस? आत्ताच लाईट गेली, इन्व्हर्टर टक वाजला आणि दुबईचं प्रदर्शन आठवलं बघ.

तुझ्या बापानं सुप्याच्या कारखान्यात बनवलेला इन्व्हर्टर तिथं मांडला होता, आणि डबा करायला मला नेलेलं. ऑर्डर मिळाली नाही तर कारखाना बंद होणार होता. पण तिथं लाईट जातच नाही, म्हणजे चालवून दाखवायला प्लगच काढायला हवा; आणि प्रवासात आपटलेलं यंत्र, म्हणून तो प्लग काढायला भीत होता. इन्व्हर्टर बघायला बसलेला आफ्रिकेतला एक व्यापारी कंटाळून उठला, तसा मीच प्लग उपटला.

आमचा दिवा विझला.

"आई, काय केलंस?" म्हणत त्यानं माझा दंड घट्ट धरला.

टक झालं, दिवा लागला. व्यापारी पुन्हा खुर्चीवर बसला.

कारखाना राहिला गं. पण आता टक ऐकलं की मला ऑर्डर नाही, दंडावरचा तो घामेजलेला हात आठवतो. हल्ली तुझा बाप तुझी वाट बघतो, बोलून दाखवत नाही एवढंच. लवकर येऊन जा बाई.