खुंटीवरचं घोंगडं

अन्याय माझ्या आईवर झाला. मी सातवीत होते त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. तिचं नाव सुमन, वय तेव्हा तीस. शिरूर कासारच्या आमच्या गल्लीतून जीप निघाली तेव्हा ती मला म्हणाली, "दूध तापवून ठिव. सांजच्याला येतेच."

ती पाचव्या दिवशी आली. गर्भाशय दवाखान्यात राहिलं. आमच्याकडं त्याला पिशवी म्हणतात, बाजारात न्यायची असते तशी. आजार काय होता, हे तिला कुणी सांगितलं नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीला एक कोयता म्हणतात, माणसं म्हणत नाहीत. बाईचे महिन्याचे चार दिवस आले की खाडा पडतो. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाला खाडा नको होता; जीप त्यानंच धाडली होती. दसऱ्यानंतर ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली, तेव्हा टाके अजून ओढत होते.

पुढच्या वैशाखात माणसं परत आली आणि मला पहिल्यांदा पाळी आली. आई शेतात होती. मी शेजारी कपडा मागायला गेले. त्या घरात नव्हता. पुढच्याही घरात नव्हता. अख्खी गल्ली फिरले. पंचविशी-तिशीतल्या बाया दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. मेलेलं माणूस चालत आल्यासारखं. एकीनं माझ्या फ्रॉकला हात लावून बघितला. मग कौसाकाकू हसली, "आगं, आमच्यात आता कुनाचंच न्हाई. गयाबाईकडं जा, ती म्हातारीच तेवढी साबूत हाय."

सत्तरीच्या गयाबाईनं कपडा दिला आणि पडवीतल्या खुंटीवरचं घोंगडं काढलं. पाळीतल्या बाईनं त्यावर वेगळं बसायचं, तिला कुणी शिवायचं नाही, अशी रीत. मी त्या रीतीचं कौतुक करणार नाही, ती शिवाशिवच होती. पण त्या दिवशी दिसलं की प्रत्येक पडवीत तसंच एक घोंगडं लटकलेलं होतं, धूळ खात. कुणी त्यावर बसत नव्हतं आणि कुणी ते उतरवतही नव्हतं. वारा आला की ती सगळी एकदम हलायची. पाठमोऱ्या बाया बसल्यासारखी.

मी पुण्यात आले. हॉस्टेल, नोकरी, संध्याकाळी पत्रकं छापून वाटणं. ऑफिसात पाळीच्या रजेवर मीटिंग झाली, पीपीटी होती. माझ्या डोळ्यांसमोर घोंगडीच हलत होती. वॉशरूममध्ये पॅडचं मशिन आहे. नाणं टाकलं की आतली तारेची कॉइल फिरते, पाकीट खाली पडतं, आणि त्या आवाजासरशी मला कपड्यासाठी फिरलेली अख्खी गल्ली आठवते. आई एकदा माझ्याकडं आली होती. पिशवी काढल्यापासून तिच्या अंगातून वाफा निघायच्या, ऐन थंडीत पदरानं वारा घेत बसायची, जिना चढताना गुडघे धरायची. माझ्या कपाटातलं पॅडचं पाकीट तिनं मांडीवर घेतलं आणि किती तरी वेळ तसंच धरून ठेवलं. मी रडायला लागले तर म्हणाली, "कावून रडतीस? मोकळी झाले मी."

माझ्यासारखे बाहेर पडलेल्या तुम्हाला वाटतं ते जुनं होतं. बाई आता शिकली, मोबाईल वापरते, सरपंच होते. खरं आहे, होते. परवा त्याच मोबाईलवरून वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, तेवीस वर्षांची, दोन लेकरांची आई.

"ताई, मला सोमवारी न्यायचं ठरलं व्हतं. पिशवी काढायला. दुखत काईच न्हाई माझं."

"मग गेली नाहीस?"

"आत्यानं न्हेऊ दिलं न्हाई." आत्या म्हणजे तिची सासू, माझी आई.

जीप दारात आली तेव्हा आईनं घोंगडं झटकून पडवीत टाकलं, वहिनीला त्यावर बसवलं आणि दादाला म्हणाली, "बसलीय ती. शिवू नको." दादा, तू मागं सरलास. आईचं पोट चिरलं तेव्हा कुणी सरलं नव्हतं. विटाळाला मात्र तू भ्यालास. ड्रायव्हरही भ्याला.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आज सातवा. तुमचे दादा म्हनतेत, आसं कुठं आस्तंय व्हय? आत्या म्हनत्यात, हिचं लई हाय." आणि वहिनी फोनवर खुदकन हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, मला आलेलीच न्हाई वो."

चाळिशी ओलांडलेली माझी आई, जिला स्वतःला बारा वर्षांत पाळी नाही, ती नसलेल्या पाळीची राखण करत पडवीत बसली आहे. माझं घर आता एवढंच आहे. चार हात घोंगडं आणि त्याच्या कडेला आई.

मी उद्या पहाटेच्या गाडीनं निघते आहे. दादा, मी वहिनीला आधी सरकारी दवाखान्यात दाखवणार आहे. आजार काय, हे लिहून घेणार आहे. आजार नसेल तर जीप दारातून रिकामी जाईल.

आणि हे पत्रक वाचणाऱ्या तू, तुझ्याही गल्लीत दसऱ्याआधी जीप येते. पत्रक खाली ठेव. आत्ता घरी फोन लाव. वहिनीला नाही, भावाला. विचार, तारीख कोणती ठरलीय? आणि ती मोड.