सहादूनं फाडलेली पावती

सहादू पगारेचं डोकं तापलेल्या तव्यासारखं. थेंब पडायचा अवकाश, की चर्र. पण गडी शब्दाचा पक्का. चौसष्ट साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात बापाच्या मागोमाग तोही तुरुंगात गेला, तेव्हा मिसरूड नुकतं फुटत होतं. "बाबासाहेबांनी माणूस केलं, दादासाहेब गायकवाडांनी जमिनीवर उभं केलं," हे त्याचं येताजाता पालुपद. तेव्हापासून पुढाऱ्याचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

निफाडजवळच्या आपल्या गावात गायरानातलं दोन एकर माळरान त्यानं आणि सुलाबाईनं, त्याच्या बायकोनं, दगड वेचून वेचून कसलं. सुलाबाईची नखं गेली त्यात. एकोणनव्वद साली बाजरी निसवली, कणसं बाहेर पडली, आणि नोटीस आली. अतिक्रमण आहे, दंड भरा, नाहीतर पीक मोडू.

मुंबईहून एक पुढारी आले. विहारासमोर सभा झाली. "दंड भरणं म्हणजे चोरी कबूल करणं! दंड भरू नका, तुरुंग भरा!" सहादू सगळ्यांच्या पुढे. शेजारचाच तुकडा कसणारा त्याचा चुलतभाऊ भिकन मात्र गुपचूप दंड भरून आला. सहादूनं त्याला भर चावडीत 'शेपूटघाल्या' म्हटलं आणि पंधरा दिवस नाशिकरोडच्या तुरुंगात जाऊन बसला.

सुटून आला तर बाजरी जागच्या जागी उभी! सुलाबाईनं कानातली फुलं मोडून दंड भरला होता, आणि पावती कणगीत जपून ठेवली होती.

"आवो, पीक मोडाया आले व्हते," ती म्हणाली. "म्या काय, नुसतं बघत बसू?"

सहादूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिला विहारासमोर नेलं, सगळ्यांदेखत पावतीच्या चिंध्या केल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. अरे, त्या बाईनं तुझ्या पोरांच्या तोंडातला घास वाचवला, त्याचं काही आहे की नाही?

दोन वर्षांनी सरकारचा हुकूम निघाला. गायरान कसणाऱ्या दलितांच्या नावावर जमीन करायची; पुरावा म्हणून अतिक्रमणाच्या दंडाची पावती आणायची. घ्या! ज्यानं दंड भरला तो मालक, आणि ज्यानं तुरुंग भरला त्याला वाटाण्याच्या अक्षता. भिकनचा सातबारा निघाला. सहादू तुरुंगातून सुटल्याचा कागद घेऊन कचेरीत गेला.

"बाबा, हा गुन्ह्याचा कागद झाला," कारकून म्हणाला. "जमिनीचा आणा."

पावतीची दुसरी प्रत कचेरीत शोधली, तर ते दप्तर वाळवीनं खाल्लेलं. सहादूनं मुंबईला तीन खेपा घातल्या. पुढारीसाहेब मीटिंगमध्ये होते, तिन्ही वेळा. शेवटी दोन एकरांना कुठल्याशा कॉलेजचं कुंपण पडलं आणि सुलाबाई भिकनच्या मळ्यात मजुरीला जाऊ लागली. झाल्या गोष्टीबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर सहादूला बरं वाटलं असतं. तिनं तेवढंही सुख त्याला दिलं नाही.

दोन हजार चारच्या भीमजयंतीला तेच पुढारी आले, मागं सहा गाड्या. सहादूला स्टेजवर बसवून शाल-नारळ दिला.

"बायको डगमगली," पुढारी माईकवर गरजले, "पण ह्या वाघानं दंडाची पावती टराटरा फाडली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर बायकांत सुलाबाई बसली होती. तिचे कान अजून मोकळेच होते. सहादूनं माईक ओढून घेतला.

"ती नाय डगमगली," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर म्या तिची जमीन फाडली. तिला इचारलं बी नाय."

म्हातारा भाषण करतोय असं वाटून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला, फोटो निघाला. सहादूनं मान वळवून बघितलं, तर सुलाबाईची जागा रिकामी. भिकनच्या मळ्यात कांदे काढायचं काम चालू होतं, आणि तिनं सकाळपुरतीच सुट्टी मागितली होती.