चिंचेखालचं पाणी

आक्का कधी कोणावर ओरडल्या नाहीत. राजुरीच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये त्या सुपरवायझर होत्या. हाताखाली सगळ्या बायका, आणि हॉलभर बायका म्हणजे काय ते मी सांगायला नको. तरी आक्कांचा आवाज चढला नाही. कुणाचं काही चुकलं की टेबलाशी येऊन त्या हळूच म्हणायच्या, "चल गं, पाणी पिऊ." एवढ्यानंच समोरची बाई मनातल्या मनात आपली चूक शोधायला लागायची.

पॅकहाऊसच्या मागे चिंच आणि चिंचेखाली माठ. मालकांनी आत थंड पाण्याचं मशीन बसवलं, पण आक्कांचा माठ काही जागचा हलला नाही. तिथे नेऊन त्या स्वतः पेला भरून हातात द्यायच्या आणि पाणी पिऊन होईपर्यंत एक अक्षर बोलायच्या नाहीत. "वाळल्या नरड्यात बोलणं उतरत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. आम्हीही काही कमी नव्हतो, जितकं सावकाश पिता येईल तितकं प्यायचो. पेला रिकामा झाला की मग काय ते दोन वाक्यांत. परत आलेल्या बाईला काय बोलणी बसली, हे तिच्या शेजारणीलासुद्धा कळायचं नाही.

आक्का मूळच्या अवसरी बुद्रुकच्या. घड साफ करायच्या कामावर लागल्या आणि तिथून वर चढल्या. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी डोक्याला जाळीची टोपी आणि अंगात एप्रन घालून पहिला क्रेट त्या स्वतः बसून साफ करायच्या. घड देठाला धरायचा, फुटका-बारका मणी कात्रीच्या टोकानं काढायचा आणि मण्यांवरच्या पांढऱ्या पावडरीला बोट लागू द्यायचं नाही, कारण ती पुसली गेली की ताजा माल शिळा दिसतो. मी एकदा विचारलं, "आक्का, आता तुमाला काय गरज?" तर म्हणाल्या, "हात इसरला की तोंडाला किंमत ऱ्हात न्हाई."

त्यांच्याच शब्दावर मला लाइन-इनचार्ज, म्हणजे टेबलांच्या एका रांगेची प्रमुख केलं. मालक नाखूश होते. "मालाची पहिली गाडी जाईपर्यंत बघू, नाही जमलं तर बाहेरून माणूस आणू," असं माझ्यासमोरच म्हणाले. मी पडले गावची सून, आणि माझ्या पहिल्याच टेबलावर बसलेल्या माझ्या चुलत सासूबाई, आमच्या काकी. काकी घड मुठीत धरायच्या. ज्यांच्यासमोर घरात डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांना "घड नीट धरा" म्हणायचं कोणत्या तोंडानं? मग मी एक युक्ती काढली. काकींनी भरलेले प्लास्टिकचे डबे कोपऱ्यात न्यायचे, गुपचूप उघडायचे, पावडर पुसलेले घड काढून दुसरे भरायचे. सासूनं केलेल्या अळणी आमटीत सुनेनं पाठमोरं होऊन मीठ टाकावं, तसा सगळा प्रकार.

आक्कांच्या नजरेतून काय सुटणार! "चल गं, पाणी पिऊ."

पेला संपला तसं त्यांनी विचारलं, "काकीचं डबं तू का भरती?"

"मोठ्या हायेत त्या, आक्का. कसं बोलू?"

"आन तिला वाटतंय, आपलं झ्याक चाललंय. उद्या मालक तिला सगळ्यांम्होरं बोलला, मग? ह्यो मान न्हाई, फसवणूक हाय." मग म्हणाल्या, "सांगू नको. शेजारी बस, एक क्रेट तिच्यासंगं कर. आन काकी म्हणायचं सोडू नको. काम सांगायला नातं तोडावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन काकींशेजारी बसले. "का गं, माज्यावर पाहारा का?" काकी फणकारल्या. "न्हाई काकी, हात मोकळं व्हतं म्हणून बसले." निम्मा क्रेट साफ झाला. मग काकींनी माझ्या डब्याकडे पाहिलं, स्वतःच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुजं घड आसं पांढरं कसं ऱ्हातंय गं?" मी याचीच वाट बघत होते. देठ धरून दाखवला. पहिली गाडी निघाली तोवर काकींचे डबे उघडायची मला गरज उरली नव्हती, आणि मालकांनी बाहेरच्या माणसाचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी आक्का हॉलच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "काकींच्या टेबलाचा माल बघा गं, कसा देखणा झालाय!" काकी लाजून लाल झाल्या. माझं नाव काही निघालं नाही. मी हिरमुसले. आक्कांना तेही दिसलं. माठाशी नेऊन म्हणाल्या, "शाबासकी टेबलाची, बोलणी तुजी. पटत नसंल तर कात्री घे आन टेबलावर बस." मला ते पटलं, पण एक गोष्ट मनात रुतून बसली. कधीतरी एकदा, एका शब्दानं का होईना, आक्कांनी मला बरं म्हणावं.

आमच्याकडे काम सुटताना कात्र्या मोजायची पद्धत आहे. एक जरी कमी भरली तरी भरलेली खोकी उघडायची, न जाणो मालात गेली असेल. एकदा संध्याकाळी जुन्नरच्या शबानाची कात्री सापडेना. गाडी दारात उभी, मालक तापलेले, शबाना रडकुंडीला आलेली. "कुणी कुणाला बोलायचं न्हाई. खोकी उघडा," आक्का म्हणाल्या. खोकी उघडता उघडता त्या थबकल्या आणि त्यांनी स्वतःच्याच एप्रनच्या खिशातून कात्री बाहेर काढली. दुपारी एका नव्या बाईला कात्री धरायला शिकवताना त्यांनीच ती शबानाकडून घेतली होती. गुपचूप क्रेटखाली सरकवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "माज्या खिशात व्हती. माज्यापायी सगळ्यांना उशीर झाला." मग शबानाला म्हणाल्या, "चल गं, आज तू मला पाणी पाज." चिंचेखाली शबाना काय बोलली देव जाणे, पण परत येताना दोघी हसत होत्या. पुढे हॉलमध्ये मालकांच्या शब्दापेक्षा आक्कांचा शब्द मोठा झाला, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तशा आक्का मुलाकडे चाकणला गेल्या आणि हॉल माझ्याकडे आला. मी फोन करायची. त्या एवढंच विचारायच्या, "बाया बऱ्या हायेत ना?" गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर काळ्या द्राक्षांची पेटी घेऊन मी भेटायला गेले. आक्का फार वाळल्या होत्या. मी भडाभडा सगळं सांगितलं. माल कुठून परत आला नाही, शबाना आता एक लाइन सांभाळते, नव्या बायकांना काकीच शिकवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीला धरून उठल्या. "चल गं, पाणी पिऊ."

या वयातही मी मनातल्या मनात आपली चूक शोधायला लागले. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्यांनी स्वतः पेला भरून दिला. जुन्या सवयीनं मी सावकाश प्यायले. पेला रिकामा झाला तरी आक्का गप्पच.

"बोला ना, आक्का."

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "आता बोलायचं काय न्हाई ऱ्हायलं."

मी खुळ्यासारखी बघत राहिले आणि निरोप घेऊन निघाले. एसटी खेडचा घाट चढली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की इतकी वर्षं मला हवं होतं ते 'बरं' हेच, आणि मग मंचर येईपर्यंत पदर डोळ्यांवरून निघाला नाही.

त्याच पावसाळ्यात आक्का गेल्या.

यंदाही पहिला क्रेट मीच साफ केला. माठ रोज भरते. चुका माझ्या आजही होतात, पण सुपरवायझरला कोण सांगणार? बायका भिडेपोटी गप्प बसतात आणि मालकांना गाडी वेळेत गेली की पुरे. मग काम जरा सैल पडलं की मी एकटीच चिंचेखाली जाते, पेला भरते, सावकाश पिते आणि पेला रिकामा झाल्यावरही तिथेच उभी राहते. आक्का, तुमची फार आठवण येते. बोलायचं खूप राहिलंय हो.