आंजीच्या भिंतीवरची आई

वर्ध्याला गाडीतून उतरले तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते. पुण्याहून रात्रभराचा प्रवास, आणि वय ऐंशीच्या घरात. मुलगा म्हणाला होता, भिंतीचा फोटो मागवून घेऊ. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी बघीन. आमच्या आईचा एकही फोटो नाही. मी लग्न होऊन लवकर पुण्याला गेले, ती इकडे वर्ध्याकडेच वारली. तिचा चेहरा एकाच ठिकाणी होता, जवळच्या आंजी गावात, बुद्धविहाराच्या भिंतीवर. माझ्या धाकट्या भावाने, मधूने, काढलेला. मरायच्या आत मला तो बघायचा होता.

मधूही आता नाही. वर्ध्यातच, नालवाडीत, त्याच्या घरी उतरले. तो आर्किटेक्ट होता, पण जिल्हा सोडून कुठे गेला नाही. शाळा, विहार, समाजमंदिरं बांधायचा आणि गिलावा वाळला की स्वतःच शिडीवर चढून भिंतीवर चित्रं काढायचा. ठेकेदार वैतागायचे. खिडक्या जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा. म्हणायचा, आपल्या बाया खाली बसतात, वारा त्यांना लागला पाहिजे. वारा लागतो खरा. छत मात्र गळतं, तेही लिहायला हवं.

त्याच्या बायकोने, कुसुमने, पातोडी (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) केली होती. मला तिखट सोसत नाही, तरी खाल्ली.

"ताई, एवढ्या उन्हात कायले जाता?" कुसुम म्हणाली. "मले तं त्याईनं ते चित्र कधी दाखवलं नाई."

"तू म्हटलंस का दाखवा म्हणून?"

"म्हटलं असतं तं शिडी धराले लावलं असतं मले!"

आंजीच्या रस्त्यावर ऑटो बंद पडला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, हिरवं काही नाही. "पाच मिनिटं, आजी," ऑटोवाला म्हणाला. त्याची पाच मिनिटं काही संपेनात. बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहिले. परत फिरावंसं वाटलं, पण त्यालाही ऑटोच लागणार होता.

विहार आत थंडगार आहे. एका भिंतीवर चित्र. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया. मधली आई, असं मधूने मला फोनवर सांगितलं होतं. मी जवळ जाऊन बघितलं. गोल चेहरा, टपोरे डोळे, लालभडक ओठ. आमची आई अशी नव्हती.

एक बाई झाडत होती. तिचं नाव वंदना. तिला विचारलं, "ही मधली कोण?"

"थे? माही सासू."

"ती माझी आई आहे."

ती हसायला लागली, मग थांबली. "मधू सायबाच्या बहीण का तुमी?"

मग सगळं कळलं. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी गावातल्या बायाच विहार रंगवतात. चित्राचे पोपडे निघाले असले की तेही रंगवतात. ज्या घराची पाळी, त्या घरातली बाई आपल्या माणसाचा चेहरा काढते.

"सायेबच बोलले होते," वंदना म्हणाली, "रंग उडाला तं मले नका बलावू. आपल्या घरची बाई काढजा."

"म्हणून माझ्या आईला पुसलंत?"

"आम्हाले का मालूम, थे कोनाची माय हाये? सायबानं नाई सांगतलं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिने मला खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "पौर्णिमा जवळच आली. रंग आनून ठेवला हाये. तुमी सांगा, कशी दिसे तुमची माय? जशी सांगान तशी काढतो."

मी तोंड उघडलं. नाक सांगायला गेले तर माझंच नाक आठवलं. डोळे आठवले ते मधूचे. कपाळावरचं गोंदण आठवलं, पण ते आईचं की मावशीचं, ठरेना. वंदना वाट बघत उभी होती.

"राहू दे," मी म्हटलं. "तुझी सासूच राहू दे."

"नाराज झाल्या का, आजी?"

"नाही. थकले."

परतीच्या गाडीत खालचा बर्थ मिळाला, तरी झोप लागली नाही. घरीच बसले असते तर आई आंजीला आहे, एवढं तरी मनात राहिलं असतं. आता ती कुठेच नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मधू शेवटपर्यंत तिच्याजवळ होता. त्याला ती आठवत असणार, म्हणून भिंतीवरचा चेहरा पुसला जाण्याचं त्याला काही वाटलं नाही. माझा विचार करून त्याने तिला पक्क्या रंगात काढायला हवं होतं.