चार बोटं खाली

आमचे बाबा टेप वापरत नाहीत. शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये एकतीस वर्षं त्यांनी मिस्त्रीकाम केलं. स्टेज बांधलं, परीक्षांची बाकं लावली, प्रदर्शनांचे गाळे उभे केले, पण खिशात टेप कधी बाळगली नाही. "माझा डोळा आहे ना!" असं म्हणून ते एक डोळा मिटतात आणि दुसऱ्याने समोरच्या फळीकडे असं रोखून बघतात, की फळीच ओशाळून सरळ व्हावी. हॉलमधले लोक याला कसब म्हणतात. मी आळस म्हणते, आणि वर शेखी.

या डोळ्याची एक खोड आहे. काम बाईमाणसासाठी असलं की तो आपोआप चार बोटं खाली बघतो. घरातला ओटा त्यांनी स्वतः बांधला, आईला "झेपेल असा". आई त्यांच्यापेक्षा बोटभर उंचच आहे. अठ्ठावीस वर्षं ती कंबरेला पट्टा बांधून त्या ओट्यावर वाकते आहे. माझं अभ्यासाचं टेबलही तसंच. शाळा संपेपर्यंत माझे गुडघे त्याच्या खणावर आपटत राहिले. तक्रार केली की बाबा दुखावतात. त्यांच्या हिशेबी त्यांनी आमचे लाड केलेले असतात.

मी त्याच हॉलमध्ये घड्याळ चालवते. मॅचच्या वेळी टेबलावर बसायचं, वेळ सुरू करायची, थांबवायची, गुण लावायचे. म्हणजे त्या मोसमात जे काही घडलं ते मी अगदी समोरून पाहिलं.

त्या वर्षी शहराला बायकांचा बास्केटबॉल संघ मिळाला. पगारी खेळाडूंचा, पहिलाच. मालक टायरचे व्यापारी. मॅनेजर त्यांचे साडू, आधी सोफे विकायचे. पहिल्या मॅचला मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा हे गृहस्थ खुर्चीवर उभे राहून ओरडले, "अरे थांबवा त्यांना, आपल्या पोरी चुकीच्या रिंगमध्ये टाकतायत!" अशा माणसाच्या हातात बारा जणींचं नशीब होतं. मालकांनी तर उद्घाटनाच्या भाषणातच सांगून टाकलं होतं, की आठ संघांत शेवटच्या दोघांत आलो तर या संघाचं दुकान बंद. बायकांच्या खेळावर आपण किती उपकार करतो आहोत, हेही त्यांनी त्याच भाषणात तीनदा सांगितलं.

कॅप्टनला सगळे शिडी म्हणायचे. सहा फूट उंच, तेहतीस वर्षांची, शाळेत खेळ शिकवणारी बाई. या संघासाठी तिने ती नोकरी सोडली होती. इतकी वर्षं ती असल्या संघाची वाट बघत होती आणि तो आला तेव्हा तिचे गुडघे बोलायला लागले होते. संघ बंद पडला तर तिला दुसरा मोसम मिळणार नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांनाही.

मोसम मोठा चमत्कारिक निघाला. घरच्या सहा मॅचमध्ये पाच जिंकल्या. बाहेरच्या सहाच्या सहा हरल्या. घरी डोळे मिटून टाकलेला चेंडू रिंगमध्ये, आणि बाहेर हाताला काय व्हायचं कोण जाणे, चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत.

मग काय, शहाण्यांना ऊत आला. वर्तमानपत्रवाल्याने लिहिलं, की घर सोडलं की बाईचं मन था‍ऱ्यावर राहत नाही. मॅनेजरनी बसमध्ये घरच्या उशा न्यायला सांगितल्या. शेवटी मालकांनी मनाचा डॉक्टर आणला. एक गुळगुळीत गृहस्थ, आवाज तुपाळ. तो पोरींना जमिनीवर आडवं करून म्हणायचा, "कल्पना करा, तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात आहात." शिडीला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा. पण ती बिचारी डोळे मिटून पडून राहायची, कारण तिला आता स्वतःवरच भरवसा उरला नव्हता.

एकदा मोसमाच्या सुरुवातीला तिने बाबांना विचारलं होतं, "मिस्त्री, रिंग जरा खाली वाटते का हो?"

"तू वर आहेस ना, म्हणून खाली वाटते," बाबा म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले. आज त्याची लाज वाटते.

बारा मॅच झाल्या. दोन उरल्या, एक घरी, एक बाहेर. दोनपैकी एक जिंकली की संघ वाचत होता. सरावानंतर शिडी माझ्या टेबलाशी येऊन बसली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"माझा हातच गेला बहुतेक," ती म्हणाली. "आणि उडीसुद्धा. इथे उभ्या उडीत माझी बोटं रिंगच्या लोखंडाला लागतात. बाहेर गेलं की नुसती जाळी हातात येते. डॉक्टर म्हणतात, भीतीने पाय जड होतात."

"सहाही ठिकाणी?"

"सहाही ठिकाणी. तेवढंच कमी पडतं. चार बोटं."

चार बोटं म्हटल्याबरोबर मला आमचा ओटा दिसला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉल रिकामा असताना, आईची शिवणाची टेप घेऊन मी शिडीवर चढले, लाकडी शिडीवर. रिंगपासून जमिनीपर्यंत दोरा सोडला, तोडला आणि टेबलावर ठेवून मोजला. रिंग तीनशे पाच सेंटीमीटर उंच हवी, बायकांची असो की पुरुषांची. आईची टेप दीडशेची. एकदा पूर्ण लागली. दुसऱ्यांदा पूर्ण लागायच्या आतच दोरा संपला. दुसऱ्या टोकाची रिंग मोजली, तीही तशीच. स्टँडवर उंचीची लाल रेघ होती आणि तिच्याखाली पेन्सिलची एक बारीक रेघ, बाबांच्या हातची. पेटीतलं हँडल मागे लावून ते पुरुषांच्या मॅचला रिंग लाल रेघेवर नेत आणि बायकांच्या मॅचला, सरावाला पेन्सिलच्या. पंच मॅचआधी चेंडू दाबून बघत, खेळाडूंची नखं बघत. तपासणीच्या कागदावर उंचीच्या रकान्यात मिस्त्रींची सही असायची, ती बघून पुढे जात.

घरी बाबा पाय पसरून बसले होते. मी रिंगच्या मापाचा तो दोरा त्यांच्या पुढ्यात टाकला. तो कशाचा, हे त्यांनी लगेच ओळखलं. चेहऱ्यावर लाज नाही, काही नाही.

"मग? पुरुषांएवढं उंच त्या पोरींना कसं झेपणार? कुणाला न सांगता केलं. घरच्या मॅच कुणामुळे जिंकल्या, सांग बघू?"

"आणि बाहेरच्या कुणामुळे हरल्या, बाबा?"

"बाहेरच्या मिस्त्रींना माया नसेल, त्याला मी काय करू?"

मी कपाळावर हात मारला. या माणसावर चिडायचं तरी कसं? त्याला खरंच वाटत होतं, की त्याने पुण्य केलंय. मला मात्र त्या क्षणी त्यांची किळस आली, बाप असले तरी.

शिडीला सांगितलं तेव्हा आधी ती पोट धरून हसली. "म्हणजे माझा हात शाबूत आहे?" असं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आणि त्या पाच मॅच? येणाऱ्या संघांना ती रिंग नवी, आम्हाला सवयीची. म्हणजे आम्ही जिंकलोच नाही."

आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. "हे बघा, घरची मॅच अजून एक आहे. रिंग आहे तिथे राहू द्या. एक जिंकलो की झालं. कशाला नसती उठाठेव?"

खरं सांगायचं तर मलाही क्षणभर ते पटलं. एकच मॅच, आणि शिडीला अजून एक वर्ष.

"मला रिंग वर पाहिजे," शिडी म्हणाली. "आजच."

"आणि हरलात तर?"

"तर माझ्या हाताने हरेन."

तिने स्पर्धा भरवणाऱ्या लीगलाही सगळं कळवलं, स्वतःच्या सहीने. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं, की पुढच्या मोसमापासून लक्ष घालू. म्हणजे तिथेही मॅनेजरचे कुणीतरी साडूच बसले असणार.

बाबांच्या पेटीतून हँडल मी काढून घेतलं, ते पुढे माझ्याच पिशवीत राहिलं. दोन्ही रिंगा लाल रेघेवर नेल्या, टेप लावून. आठ दिवस पोरी सकाळ-संध्याकाळ रिंगच्या पुढच्या कडेवर चेंडू आपटत होत्या. इतक्या महिन्यांची सवय आठ दिवसांत कशी मोडणार? घरची मॅच नऊ गुणांनी हरलो. प्रेक्षक ओरडत होते, "आता घरीसुद्धा?" मॅनेजर माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच त्यांचा सोफा फाडला. शिडी मात्र मॅच संपल्यावरही तासभर एकटी चेंडू टाकत राहिली. शेवटचे वीस चेंडू मी मोजले. चौदा आत गेले.

पुढच्या आठवड्यात बाहेरची शेवटची मॅच होती. मी गेले नाही. परक्या हॉलमध्ये माझं काय काम? घरी टीव्हीसमोर आम्ही तिघं बसलो. बाबा आरामखुर्चीत, आई दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी, कारण बसलं की तिला उठवत नाही.

मी सगळी मॅच नखं खात पाहिली. चार सेकंद उरले तेव्हा आपण एका गुणाने मागे होतो. चेंडू शिडीकडे आला. तिने तो घाईघाईत भिरकावला नाही. गुडघे वाकवले, उडी घेतली आणि मनगट सोडलं. चेंडू पुढच्या कडेला शिवलासुद्धा नाही. जाळी हलली आणि तिकडचा भोंगा वाजला.

मी ओरडले, रडले, दोन्ही एकदम. संघ वाचला होता. पडद्यावर मालक मनाच्या डॉक्टरांना मिठी मारत होते. मॅनेजर माईकमध्ये सांगत होते, की त्यांचा पोरींवर पहिल्या दिवसापासून विश्वास होता. शिडी कोपऱ्यात जमिनीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे नुसती बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मी बाबांकडे वळले. वाटलं, आता तरी काही बोलतील. एक शब्द. चुकलं, एवढाच.

बाबांनी एक डोळा मिटला, दुसऱ्याने पडद्यावरची रिंग न्याहाळली आणि समाधानाने मान हलवली.

"तिथल्या मिस्त्रीनेही खाली घेतलेली दिसते. चांगला माणूस असणार."

मी काही बोलणार तेवढ्यात आई चौकटीपासून हलली. कंबरेचा पट्टा सोडून तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि माझ्यापुढे हात केला.

"ते हँडल दे इकडे," ती म्हणाली. "आपल्या ओट्याला बसतं का बघते."